उंदराचे ऋण



घरात शिरलेल्या उंदराविषयी आपल्या मनात दया क्वचितच असते. तो धान्याची पोती कुरतडतो, कपाटातील कपडे नासवतो. आपण सापळा लावतो आणि निश्चिंत झोपतो. परंतु उंदरांचा एक वंश असा आहे की ज्याच्याविषयी थोडे थांबून विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते. त्याचे नाव ‘ट्विचर’, म्हणजे अंगाला झटके येणारा.

1976 साली अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्ले वेगळी आढळली. जन्मतः ती इतरांसारखीच दिसत; पण सुमारे तीन आठवड्यांची झाली की थरथरू लागत, मागचे पाय लुळे पडत आणि चाळीस दिवसांच्या आसपास ती मरत. हा विकार त्यांना कोणी लावला नव्हता, तो आपोआप उद्भवला होता. शोध घेता कळले की मानवी बालकांना होणारा एक रोग तोच हा. डेन्मार्कचे डॉक्टर क्नुड क्राबे यांनी 1916 साली त्याचे वर्णन केले होते, म्हणून त्याला क्राबे रोग म्हणतात.

विजेच्या तारेवर जसे आवरण असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण असते. या रोगात एक एन्झाइम शरीरात नीट तयार होत नाही. त्यामुळे एक विषारी पदार्थ साठत जातो आणि हे आवरण घडविणाऱ्या पेशीच मरतात. बाळ जन्मतः धडधाकट दिसते. पण बहुधा सहा महिन्यांच्या आतच ते सारखे रडू लागते, अंग ताठरते, पुढे दृष्टी जाते, गिळता येईनासे होते. ज्यांना तान्हेपणी हा रोग जडतो त्यांतील बहुतेक मुले दोनतीन वर्षांपलीकडे जगत नाहीत.

असे रोग परदेशातच होतात असे कोणी समजू नये. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल व त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकात अशाच एका आनुवंशिक विकाराची मुले आपल्या देशात पाहिली व त्यांचे वर्णन केले. त्या मुलांचे डोके मोठे होते आणि मेंदूतील मायेलिनात दोष असतो. त्या विकाराच्या अभ्यासासाठीही पुढे उंदीर तयार करण्यात आले.

या दोन्ही रोगांची रीत एकच आहे. आई व बाप दोघेही निरोगी असतात; दोघांकडेही दोषी जनुकाची एकेक प्रत असते आणि त्यांना त्याची वार्ताही नसते. प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही दोषी प्रती मिळण्याचा संभव चारांत एक इतका असतो. नात्यात लग्ने होतात तेथे अशा दोन व्यक्ती एकत्र येण्याचा संभव वाढतो.

असे मूल घरात जन्मले की लोक काय बोलतात हे वाचकांस ठाऊक आहे. आईचे काही चुकले असेल, पूर्वजांचा शाप असेल, घरात काही पाप लपले असेल. जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूलाही हेच विचारले होते: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आज तीच साक्ष हा मुका प्राणी देतो. त्या पिल्लाने कोणते पाप केले होते? त्याच्या आईने कोणती आज्ञा मोडली होती? तोच रोग, तीच रीत, तेच चारांत एक. उंदराला जो दोष लावता येत नाही, तो त्या माउलीला का लावावा?

या उंदरांपासून उपचाराची वाटही दिसली. 1984 साली संशोधकांनी ट्विचर उंदरांत निरोगी उंदरांची अस्थिमज्जा घातली; ते अधिक दिवस जगले आणि त्यांच्या मज्जातंतूंवर पुन्हा आवरण चढू लागले. 2005 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी नाळेतील रक्त देऊन उपचार केलेल्या बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लक्षणे दिसण्यापूर्वीच उपचार झालेली 11 अर्भके त्या पाहणीच्या काळात सर्व जगली, जरी पुढे अनेकांना हालचालीची अडचण राहिली. लक्षणे दिसू लागल्यानंतर उपचार झालेल्या 14 बालकांना मात्र फारसा लाभ झाला नाही. म्हणजे लाभ खरा आहे, पण अपुरा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनुष्याच्या घरी असे बाळ जन्मते ते कोणाच्या इच्छेने नव्हे. उंदराच्या पिंजऱ्यात मात्र ते योजून जन्माला घातले जाते. दोषी प्रत बाळगणारे निरोगी नर व मादी मुद्दाम एकत्र ठेवतात, ते अशासाठी की चारांत एक पिल्लू थरथरत मरावे आणि आपण ते पाहून शिकावे. हे करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

आपल्या देशात कोणत्याही जिवास दुखवू नये असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. तरी त्या बाळाच्या खाटेजवळ उभे राहून, प्रयोगशाळा बंद करा, असे आमच्याने म्हणवणार नाही. मनुष्याचे लेकरू आणि उंदीर यांचे मोल देवाने सारखे ठेवलेले नाही असे आम्ही मानतो. परंतु अधिकार असणे निराळे आणि देणे फिटणे निराळे.

प्रयोगशाळांत उंदीर मारण्याला इंग्रजीत ‘सॅक्रिफाइस’, म्हणजे बलिदान, म्हणतात. हा शब्द आम्हांला खटकतो. बलिदानाचे खरे मोल देणाऱ्याच्या राजीखुशीत आहे. आपल्या तारणाऱ्याने आपला प्राण स्वतः होऊन दिला. उंदराने काही दिले नाही. आपण ते घेतले. आणि जे न विचारता घेतले जाते ते दान नव्हे, ते ऋण होय.

दावीद राजाची गोष्ट आठवा. तीन वीरांनी जीव धोक्यात घालून बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणले. ते त्याला पिववेना, त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. आपल्याला मात्र हे पाणी ओतून टाकता येत नाही, कारण तहान आपली नव्हे, लेकराची आहे. म्हणून ते सांडू न देणे हे आपले काम.

ते कसे करावे? पहिले, प्रयोग करणाऱ्यांनी. आमच्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत विषारी रसायने व रोगजंतू यांपासून बचावाचे संशोधन चालते आणि तेथेही उंदीर लागतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या गावाचाही आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगास मुभा दिली आहे; पण दयेने वागावे, शक्य तेथे प्रयोग टाळावा, असेही बजावले आहे. 1959 साली रसेल व बर्च या दोघा इंग्रज अभ्यासकांनी तीन नियम घालून दिले: पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, वापरल्यास कमीत कमी वापरावे, आणि त्यांच्या वेदना कमी कराव्या. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे नियम कागदापुरते न ठेवता प्रार्थनेपूर्वक पाळावे.

दुसरे, मंडळ्यांनी. मिळालेले ज्ञान गरिबाच्या बाळापर्यंत पोहोचले नाही तर ते पाणी वाटेतच सांडले. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ रोग धोरणानुसार, आता ठरावीक रुग्णालयांतून पात्र रुग्णास 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे. पण ग्वाल्हेरच्या एखाद्या मजुराने मुंबई गाठावी कशी, अर्ज लिहावा कोणी, मागे राहिलेल्या भावंडांना जेवू घालावे कोणी? ही कामे शास्त्रज्ञांची नव्हेत, ती आपली आहेत.

तिसरे, आपण प्रत्येकाने. यापुढे असे मूल पाहून त्याच्या आईला कोणी दोष देऊ लागला तर तेथे गप्प बसू नये. तिची निर्दोषता सिद्ध व्हावी म्हणून कितीतरी मुके जीव थरथरत मेले आहेत. तरीही ती दोषीच ठरत राहिली, तर त्यांच्या वेदना आपण फुकट घालविल्या असे होईल.