उघडे शेत आणि लाभाचा प्रश्न

ज्या शेतकरी बंधूंचे भाऊ अथवा मुलगे मुंबईस पोट भरतात त्यांस रे रोड हे नाव अपरिचित नसेल. १९१० साली कुर्ल्याहून बंदरालगत जी रेल्वे झाली तिचे हे त्या वेळचे शेवटचे स्टेशन. धान्याची मोठी गोदामे ह्याच भागात उभी राहिली व घाटावरील माणसांच्या पिढ्यांनी तेथे पोती वाहिली. घाऊक धान्यबाजार पुढे वाशीस गेला, तरी ओझ्यावर पोट भरणारी माणसे तेथे अद्याप आहेत. अशाच एका परिचित हमालबंधूंच्या खोलीत आम्ही दिवाळीच्या सुमारास बसलो होतो. गावी त्यांचा धाकटा भाऊ लातूरकडे नऊ एकर जमीन करतो. ते म्हणाले, "पाळकसाहेब, दसऱ्याला सोयाबीन निघाले की मृगापर्यंत आमचे रान उघडे पडते. करडई पेर, जमिनीला बरे, असे त्याला पुष्कळांनी सांगितले. तो म्हणतो, जमिनीसाठी पेरणे मला परवडत नाही. तेलाला भाव आहे, म्हणून पेरतो. आता पैशासाठी केलेले चांगले काम चांगले म्हणायचे काय?"

प्रश्न साधा दिसला, पण त्याने आम्हांस घरी परत येईपर्यंत सोडले नाही.

प्रथम शेताची गोष्ट पाहू. विदर्भ व मराठवाडा ह्या भागांत गेल्या चाळीसएक वर्षांत सोयाबीन फार पसरले. ते निघाल्यावर जेथे पाणी आहे तेथे हरभरा वा गहू होतो. जेथे नाही तेथे काळी जमीन उन्हात तापते, भेगाळते, आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस तिच्या अंगावरची माती घेऊन जातो. करडईचे मूळ खोल जाते. वरच्या मुळांस जी ओल व जे खत लाभत नाही ते ती खालून ओढून घेते. म्हणून पाण्यावाचूनही ती तग धरते. तिच्या काट्यांमुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ह्याच कारणाने आपले वाडवडील ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी घालीत. विदर्भात जवसाचेही असेच स्थान होते.

असे असता करडई मागे का पडली? कापणीस काटे बोचतात, मजूर मिळत नाहीत, उशिरा पेरल्यास मावा पडतो, आणि हरभऱ्यास पैसा बरा येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचा वाण काढला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' दिला. तरी क्षेत्र घटतच गेले. वाणाने अडचण हलकी होते; मनाचा हिशेब मात्र बदलत नाही.

हा हिशेब केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या मध्यभागी एक वर्ष मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन, असा फेर चालतो आणि हिवाळाभर शेते उघडी राहतात. उरलेले नत्र पावसाबरोबर व वितळत्या बर्फाबरोबर नद्यांत उतरते. आयोवा प्रांतातील डे मॉइन शहरास पिण्याच्या पाण्यातून ते काढण्यासाठी निराळे यंत्र बसवावे लागले. आणि तेच पाणी मिसिसिपीने समुद्रास मिळते तेथे दर उन्हाळ्यात मोठ्या पट्ट्यात मासे जगेनासे होतात. जमीन झाकण्यासाठी राय पेरा, असा उपदेश तेथे पुष्कळ झाला. पण जे पीक विकावयाचे नाही ते थोड्यांनीच पेरले. म्हणून तेथील विद्वान आता मोहरीच्या कुळातील पेनीक्रेस व कॅमेलिना ही तेलबिये पुढे करीत आहेत: शरदात पेरावी, हिवाळाभर जमीन झाकावी, आणि उन्हाळा लागताना बी विकावे. म्हणजे उपदेशाने जे झाले नाही ते तेलाच्या भावाने होईल, अशी आशा.

ह्यावर दोन उत्तरे सोपी आहेत. एक म्हणेल, हेतू लाभाचा, तेव्हा पुण्य कसले? दुसरा म्हणेल, माती वाचली ना, मग हेतूशी काय करावयाचे? आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. मूल भुकेने दूध पिते म्हणून आईच्या दुधाचे मोल कमी होत नाही. ज्याच्या घरी कर्ज आहे त्याच्याकडून बिनलाभाच्या पेरणीची अपेक्षा करणे म्हणजे आपण सावलीत बसून दुसऱ्यास उन्हात उभे करणे होय. लाभ हा चांगुलपणाचा शत्रू नव्हे. पुष्कळदा तो त्याचा पांगुळगाडा असतो.

परंतु पांगुळगाडा म्हणजे पाय नव्हेत. तेल स्वस्त होईल त्या वर्षी काय? त्या वर्षीही जो निदान बांधालगतचे चार तास झाकून ठेवील, अथवा धसकटे न जाळता रानातच राहू देईल, त्याने जमिनीस धनी ह्या नात्याने नव्हे, तर ऋणको ह्या नात्याने ओळखले. परीक्षा तेथे आहे.

कोणी विचारील, जमिनीस विसावा नको काय? मोशेच्या नियमशास्त्रात सातव्या वर्षी पेरणी वर्ज्य होती. पण आपोआप उगवलेले उपटून टाका असे तेथे सांगितलेले नाही. ते रानातच राही व धनी, मजूर, परका आणि गुरे सर्वांच्या उपयोगी पडे. विसावा म्हणजे नागवेपण नव्हे. उलट, जेथे पाऊसच उणा झाला तेथे खालची ओलही ओढून घेणे हा लोभ होईल. आणि एकाच रानात दरसाल करडई घेतल्यास मर रोग बळावतो. पेरण्यात जसा धर्म आहे तसा थांबण्यातही आहे.

शेवटी त्या हमालबंधूंस आम्ही एवढेच म्हणालो की, हा प्रश्न एकट्या तुमच्या भावाचा नव्हे. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. ते स्वस्त मिळाले की आपण शहरवासी आनंद मानतो, आणि उघड्या रानाचा दोष मात्र शेतकऱ्यावर ठेवतो. कढईत तेल ओतणाराही त्या मातीचा ऋणको आहे. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "तर मग भावाला लिहितो, करडई पेर. आणि घाण्याचे चार किलो तेल माझ्यासाठी ठेव. भाव जो होईल तो मी देईन."

आम्हांस वाटते, त्यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याहून बरे दिले.