जतनाची नीती

वस्तू क्षुल्लक असली की तिच्यासंबंधीचा प्रश्नही क्षुल्लकच असावयाचा, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमचा अनुभव याहून निराळा आहे. माणसाच्या स्वभावातील मोठ्या गोष्टी पुष्कळदा लहान वस्तूंच्या निमित्तानेच उघड्या पडतात. कारण मोठ्या प्रसंगी तो सावध असतो, लहान प्रसंगी नसतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मुलुंडास राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस असाच एक लहान प्रश्न विचारला. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने पोकेमॉनची दोनतीनशे कार्डे जमविली होती. ती ठेवण्यासाठी उत्तम प्रतीचे बाइंडर घ्यावयाचे त्यांच्या मनात होते व त्यापायी दोन-अडीच हजार रुपये खर्चण्याची त्यांची तयारी होती. कोणते घ्यावे, एवढेच त्यांस हवे होते. या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांत देता येईल असे आम्हांस वाटले. परंतु त्याने पुढे कित्येक दिवस आमचा पिच्छा सोडला नाही. तोच विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

ही कार्डे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांस सांगावयास नको. जपानात १९९६ सालच्या ऑक्टोबरात ती प्रथम निघाली. त्रेसष्ट मिलिमीटर रुंद व अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर उंच असा हा कागदाचा तुकडा. एका बाजूस एखाद्या काल्पनिक प्राण्याचे चित्र आणि त्याच्या बळाचे आकडे. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत गृहसंकुलांच्या जिन्यांवर बसून मुले यांची देवघेव करतात. या मुलांच्या वडिलांनी लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमविली असतील. आजोबांनी पोस्टाची तिकिटे वा काडेपेट्यांवरील चित्रे जमविली असतील. जमविण्याची हौस जुनीच आहे. फरक पडला तो साठवणीत. आजोबांचा संग्रह जुन्या वहीत खळीने चिकटविलेला असे, वडिलांचा बिस्किटांच्या डब्यात रबर लावून ठेवलेला असे, आणि नातवाच्या संग्रहास मात्र साखळी लावून बंद होणारे, मखमलीसारखे अस्तर असलेले, एका पानावर नऊ कप्पे असणारे बाइंडर हवे आहे.

हा फरक केवळ चोचल्यांचा आहे असे म्हणून आम्ही तो उडवून लावणार नाही. मुंबईच्या हवेत कागद टिकविणे हे खरोखर कठीण काम आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींस ओल येते, कपाटातील पुस्तकांस बुरशी धरते, आणि जे बुरशीतून वाचते त्यास कसर लागते. चमकणाऱ्या कार्डाच्या एका अंगास धातूसारखा पापुद्रा असतो. मागचा कागद दमट हवा शोषून फुगतो, पापुद्रा फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखे वाकते. स्वस्त बाइंडरची पाने मऊ पीव्हीसीची असतात; त्यांस मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने बाहेर येऊन चित्रास चिकटते. यास्तव पाने पॉलिप्रॉपिलीनची असावीत. गोल कड्यांच्या बाइंडरमध्ये आतल्या रांगेतील कार्डांवर कड्यांचे वळ उठतात. म्हणून कडी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असावी, किंवा पाने कड्यांविना पाठीशीच जोडलेली असावीत. कप्प्यांची तोंडे वर नसून बाजूस असावीत, म्हणजे बाइंडर उलटे झाले तरी कार्ड निसटत नाही. बाहेरच्या भिंतीस टेकलेल्या कपाटात ते ठेवू नये, आडवे एकावर एक रचू नये, जवळ ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. साखळीने धूळ थांबते, ओल थांबत नाही. किंबहुना जुलैच्या दमट हवेत साखळी लावून ठेवून दिले तर आत गेलेली ओल आतच राहते. ही सर्व माहिती आम्ही स्नेह्यांस दिली, आणि येथपर्यंत प्रश्न सोपा होता.

तो अवघड झाला त्यांच्या पुढच्या वाक्याने. ते म्हणाले, "आणखी वीस वर्षांनी यांची किंमत काय होईल सांगता येत नाही; म्हणून आता मुलास ती बाहेर नेऊ द्यायची नाहीत." म्हणजे बाइंडर कार्डांसाठी नव्हते, मुलासाठीही नव्हते, ते वीस वर्षांनंतरच्या एका अज्ञात गिऱ्हाइकासाठी होते.

या आशेस आधार नाही असे नाही. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे काढली होती. त्यांतील न खपलेल्या कार्डांनी गोदाम अडविले, तेव्हा १९६० साली ती नावेत भरून न्यूयॉर्कनजीकच्या समुद्रात बुडविण्यात आली. जी मुलांच्या हाती गेली होती ती त्यांनी सायकलीच्या चाकांत अडकविली, खिशात चुरगाळली. उरलेली त्यांच्या आयांनी घर आवरताना फेकून दिली. त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक उत्तम स्थितीतील कार्ड २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस विकले गेले. ही वार्ता ऐकून कोणाही बापाचे मन चळावे. परंतु या कथेचा उत्तरार्धही आहे. जुन्या कार्डांस भाव येतो हे एकदा कळल्यावर १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लोकांनी नवी कार्डे पेट्यांच्या पेट्या भरून जपून ठेवली, आणि कंपन्यांनीही ती बेसुमार छापली. आज त्यांतील बहुतेकांस रद्दीहून फारशी अधिक किंमत नाही. जे कोणी जपले नाही ते अमोल झाले. जे सर्वांनी जपले ते कवडीमोल ठरले.

यात जो नैतिक अर्थ भरला आहे त्याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. दुर्मिळतेची किंमत ही आपल्या काळजीतून उत्पन्न होत नाही. ती इतरांच्या हानीतून उत्पन्न होते. आपले कार्ड महाग व्हावे ही इच्छा नीट उलगडून पाहिली, तर शेजारच्या मुलाचे कार्ड हरवावे, भिजावे, फाटावे, अशीच ती इच्छा निघते. प्रौढांच्या व्यवहारात अशा इच्छा पुष्कळ असतात व त्यांस आपण दूरदृष्टी म्हणतो. परंतु ज्या दोन मुलांस एका जिन्यावर बसून खेळावयाचे आहे, त्यांच्यापैकी एकाच्या मनात ही दृष्टी दहाव्या वर्षीच पेरावी काय?

येथे कोणी आम्हांस अडवून म्हणेल, "म्हणजे मुलांस वस्तू टाकून देण्यास शिकवावे की काय?" मुळीच नव्हे. निष्काळजीपणा हे औदार्य नव्हे. ज्यास वस्तूची पर्वा नाही त्याने ती दिली तर त्यात दिले काय? योगशास्त्राने अपरिग्रहास यमांत स्थान दिले, ते वस्तूंची हेळसांड करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या स्वामित्वातून मनास मोकळे ठेवण्यासाठी. मध्यमवर्गीय घरांत आपण याचा विपर्यास रोज पाहतो. पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेले चिनीमातीचे कप तीस वर्षे पाहुण्यांची वाट पाहतात. ठेवणीतले लुगडे ठेवणीतच विरते. यांत काळजी आहे, पण ती वस्तूची नव्हे. वस्तू वापरली तर संपेल या भीतीची आहे. जतन आणि कोंडणे या दोहोंत बाहेरून काहीच भेद दिसत नाही. दोहोंसही कुलूप लागते. भेद असतो तो कुलूप कशासाठी उघडावयाचे, यात.

आमच्याच महाराष्ट्रात खेळाची पाने जपण्याची एक जुनी रीत आहे, ती या ठिकाणी आठवते. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशेवीस गोल पाने असतात. हाताने रंगविलेल्या या पानांवर लाखेचा लेप देतात, आणि ती तितक्याच हौसेने रंगविलेल्या लाकडी पेटीत ठेवतात. म्हणजे त्या काळचे बाइंडरही उत्तम प्रतीचेच होते. परंतु लाखेचा लेप दिला तो कशासाठी? अनेक हातांतून फिरूनही पान टिकावे, यासाठी. हाताचा स्पर्शच होऊ नये, यासाठी नव्हे. ही कला लोपत चालली असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी तिला सावंतवाडीच्या राजवाड्यात पुन्हा आश्रय दिला, तोही जुनी पाने काचेआड ठेवून नव्हे, तर कारागिरांकरवी नवी पाने घडवून.

आणि उपनगरांचाच दाखला हवा असेल तर तोही आहे. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना काही काळ घाटकोपरास होता. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. तेथे १९७२ साली लागलेल्या आगीत तो जळाला व त्यात साठविलेली चित्रेही गेली. तरी रविवर्म्याची लक्ष्मी व सरस्वती नष्ट झाल्या नाहीत, कारण त्या देवघरांत व दिवाणखान्यांत घरोघर पोचल्या होत्या. जे एका जागी साठविले ते एका रात्रीत जाऊ शकते. जे वाटले गेले ते सहसा सर्वच्या सर्व जात नाही.

संग्राहकांत आम्हांस सर्वांत आदरणीय वाटतात ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये, दरवाजे अशा हजारो वस्तू आयुष्यभर हिंडून जमविल्या. अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो सगळा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनी वस्तू जपल्या नाहीत असे कोण म्हणेल? पण त्यांच्या जपण्याचा शेवट देण्यात झाला. मुलाच्या नावे ठेवलेली वस्तू अशीही असू शकते, हे आमच्या स्नेह्यांस सांगावेसे आम्हांस वाटले.

ते सांगण्याची वेळ लवकरच आली. बाइंडर आले, आणि स्नेही स्वतः कार्डे लावावयास बसले. अस्सल कार्डे त्यांनी निवडून घेतली, आणि स्टेशनाबाहेर मिळतात तसली सोनेरी रंगाची नकली कार्डे बाजूस काढली. त्यांतील एक मुलाने उचलून पहिल्या कप्प्यात घातले. ते नकली आहे हे त्यास ठाऊक होते. परंतु घर सोडून परगावी गेलेल्या एका मित्राने ते जाताना दिलेले होते. वडिलांनी ते काढले. मुलाने पुन्हा घातले. वाद झाला नाही, पण मुलगा बाइंडर तेथेच टाकून निघून गेला. पुढे एकदा हट्टाने बाइंडर खाली नेऊन त्याने एक चांगले किमतीचे कार्ड अगदी साध्या कार्डाच्या बदल्यात दिले, तेव्हा वडील संतापले. त्यांचा संताप आम्हांस समजू शकतो. पैसे त्यांचे होते, आणि मूल फसले जात असता स्वस्थ बसणे हेही पित्याचे कर्तव्य नव्हे. तरी आमचे मत आम्ही स्पष्ट सांगितले. कार्डे मुलास दिली असतील तर ती त्याची आहेत. दिल्यावरही देणाऱ्याचा ताबा राहिला, तर ते देणे नव्हे, ती ठेव होय. आणि मुलाच्या खोलीत आपली ठेव ठेवावयाची असेल तर त्यास तसे प्रथमच सांगावे. सौदा कसा करावा हे त्यास जरूर शिकवावे; परंतु ज्यास एकदाही फसण्याची मोकळीक नाही तो देणेही शिकत नाही आणि राखणेही शिकत नाही.

आमच्या म्हणण्याने स्नेह्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. दोनचार फार किमतीची कार्डे त्यांनी मुलाच्या संमतीने निराळी ठेवली, आणि यात आम्हांसही काही गैर दिसत नाही. उरलेले बाइंडर मुलाच्या हाती आहे. त्याच्या पहिल्या पानावर नकली सोनेरी कार्ड आहे.

तेव्हा कोणते बाइंडर घ्यावे, या प्रश्नास आमचे उत्तर असे : पाने पॉलिप्रॉपिलीनची असावीत, कप्पे बाजूने उघडणारे असावेत, पावसाळ्यात त्याची काळजी घ्यावी, आणि विकत घेण्यापूर्वी ते एकदा मुलाच्या हाती देऊन पाहावे. मित्र दारात उभा असता ज्यातून एक कार्ड चटकन काढून देता येते, ते चांगले. जे उघडताना मूल आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहते, ते कितीही किमतीचे असले तरी घेऊ नये.