सातापैकी एक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचं गणित चांगलं असतं, असा एक समज आपल्याकडे आहे. तो कोणी पसरवला ठाऊक नाही. बहुधा लग्नं जमवणाऱ्यांनी. वास्तविक आमचा आणि गणिताचा संबंध पोस्टमन आणि प्रेमपत्र यांच्याइतकाच. आकडे आमच्या हातून जातात, आत काय आहे ते आम्ही उघडून बघत नाही. त्यातून मी बी.कॉम. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की आम्हाला मोक्ष. तेव्हा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडवर मी लिहावं, हे ताशेवाल्यानं ख्यालावर लिहिण्यासारखं आहे. पण मला त्यातल्या गणिताबद्दल बोलायचंच नाही. मला बोलायचंय मार्कांबद्दल, आणि तो अधिकार प्रत्येक मराठी पालकाला जन्मतःच मिळालेला असतो.

हे ऑलिंपियाड 1959 साली रुमानियात सुरू झालं, तेव्हा सात देश होते. आता शंभरावर येतात. भारत 1989 पासून जातो, आणि 1996 साली तर ही सगळी जत्रा मुंबईतच भरली होती. प्रत्येक देशाची जास्तीत जास्त सहा मुलं. वय विशीच्या आत, आणि विद्यापीठाची पायरी न चढलेली. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न. कॅल्क्युलेटर नाही. (आमच्या ब्रँचमध्ये असा नियम झाला तर मी त्याच दिवशी मेडिकल लीव्ह टाकीन.) एका प्रश्नाला सात मार्क, सहा प्रश्नांचे बेचाळीस.

गंमत आहे ती या सातांत. आमच्याकडे असं नसतं. व्हाउचर एकतर पास होतं, नाहीतर परत येतं. कॅशमध्ये दोन रुपये कमी आले तर "साहेब, बाकीचे चार लाख बरोबर आहेत, त्याचे तरी मार्क द्या," असं म्हणता येत नाही. दोन रुपये सापडेपर्यंत बसायचं. ऑलिंपियाडमध्ये मात्र उत्तर अर्धवट असलं तरी त्यातलं खरं किती, ते शोधतात. मुलं आपापल्या भाषेत लिहितात. आधी त्या त्या देशाचे लीडर पेपर वाचतात, मग यजमान देशाच्या परीक्षकांसमोर टेबलाशी बसतात आणि मार्क ठरतो. म्हणजे ज्याची पोरं तोच वकील! हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीतले पालक आठवले. अर्ध्या मार्कासाठी शाळेत जाऊन बाईंचा घसा बसवणारी माणसं आहेत ही. पण त्या टेबलावर "पोरानं फार मेहनत घेतली हो" या वाक्याची किंमत शून्य. "तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात त्यानं अमुक सिद्ध केलंय, बघा," याला किंमत. कुठल्या पायरीला किती द्यायचे, हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते सगळ्या देशांना सारखं.

मेहनतीला एकही मार्क नाही, हे मला पहिल्यांदा फार लागलं. 2017 साली ब्राझीलमधल्या रिओत 615 मुलं बसली होती. तिसरा प्रश्न होता एका अदृश्य सशाचा. ससा दिसत नाही, शिकारी मागे धावतेय, आणि तिच्या हातातलं यंत्र ससा कुठे आहे ते फक्त अंदाजानं सांगतंय. शंभर कोटी उड्यांनंतर ससा ठरावीक अंतरात राहीलच अशी खात्री ती देऊ शकेल का? (हा प्रकार आमच्या रिकव्हरी डिपार्टमेंटला नवीन नाही. आमच्याकडे ससे कर्ज घेऊन पळतात.) उत्तर आहे "नाही." पण नुसतं "नाही" कोणीही म्हणेल, ते सिद्ध करायचं. त्या प्रश्नाला 615 पैकी 608 मुलांना शून्य मिळालं. सातच्या सात मिळाले दोघांना. आणि ही कुठली मुलं? आपापल्या देशातून गाळून, चाळून, पाखडून आणलेली. त्यांच्या घामाचा एक मार्क द्यायला काय हरकत होती?

आमच्या सौ.चंही हेच म्हणणं पडलं. पण घामाला मार्क द्यायचे तर घाम मोजायला हवा, आणि मोजणीचा अनुभव आम्हाला आहे. आमच्या एका जुन्या ब्रँचमध्ये एक गृहस्थ संध्याकाळी सातपर्यंत टेबलावर फायलींचा ढीग लावून बसत. फायली त्याच असत, फक्त वरची खाली आणि खालची वर व्हायची. "हार्डवर्किंग" हा शेरा दरवर्षी त्यांनाच मिळे. शेजारी एक बाई होत्या, पाचच्या ठोक्याला काम संपवून पर्स उचलायच्या. त्यांना कधी शेरा मिळाल्याचं ऐकिवात नाही. घामाची नक्कल करता येते. तिसऱ्या पानावरच्या बरोबर ओळीची येत नाही. तेव्हापासून 608 शून्यांकडे मी जरा आदरानं बघायला लागलो. निदान त्यात एकही लाजेकाजेस्तव दिलेला मार्क नव्हता.

1988 सालचं कॅनबेराचं ऑलिंपियाड घ्या. त्यातला सहावा प्रश्न अजून कुप्रसिद्ध आहे. तो अकराच मुलांनी पूर्ण सोडवला. त्यांतला निकुशोर दान नावाचा मुलगा 2025 साली रुमानियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. (देश चालवताना पायऱ्यांचे मार्क मिळतात की नाही, ते त्याला आता कळेल.) त्याच वर्षी जेमतेम तेरा वर्षांच्या टेरेन्स टाओनं सुवर्णपदक मिळवलं, आणि त्या सहाव्या प्रश्नात त्याला मिळाला सातापैकी एक. पुढे 2006 साली याच टाओला फील्ड्स पदक मिळालं. मला तो एक मार्क फार आवडतो. तो दयेचा नाही, कौतुकाचा नाही. तेवढं खरं होतं, तेवढा दिला.

एक नियम मात्र आम्हा कॉमर्सवाल्यांच्या पचनी पडत नाही. पदक हुकलेल्या मुलानं एक जरी प्रश्न सातच्या सात सोडवला असेल, तर त्याला सन्मानपत्र देतात. म्हणजे एका प्रश्नात सात आणि बाकी भोपळे, त्याला कागद. आणि तीन प्रश्नांत तीन-तीन मिळवून नऊ केले, त्याच्या हातात काही नाही! नऊ मोठे की सात? पण गेल्या महिन्यात आमच्याकडे प्लंबर आला होता. तीन नळ त्यानं "बऱ्यापैकी" दुरुस्त केले. तिन्ही गळतात. तेव्हापासून या नियमाविरुद्धचा माझा आवाज थोडा खाली आला आहे.

हे सगळं परक्यांच्या पोरांबद्दल बोलायला ठीक. आमची कन्या नववीत आहे आणि तिला या गणितांचा नाद लागलाय. परवा एकाच गणितावर संध्याकाळभर बसली होती. नऊच्या सुमारास वही मिटून म्हणाली, "बाबा, तीन तास फुकट गेले ना रे?"

आता काय सांगायचं? "प्रयत्न महत्त्वाचे" हे वाक्य आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर उगवत्या सूर्यासकट लावलंय, आणि त्याखाली बसून कोण काय करतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "कुठपर्यंत आलीस ते तरी सांग."

ती सांगायला लागली. मला चौथ्या वाक्यानंतर काही कळत नव्हतं. मी क्लेमची कागदपत्रं तपासताना करतो तसा चेहरा करून बसलो. मध्येच ती थांबली, "एक मिनिट हां," म्हणाली आणि वही उघडून पुन्हा टेबलाशी गेली. आमटी दोनदा गरम करावी लागली.

सकाळी विचारलं, "सुटलं?"

"नाही. पण कुठे अडतंय ते कळलं."

याचे सातापैकी किती द्यायचे, यावर आमच्याकडे अजून बोलणी चालू आहेत. सौ. तीनच्या खाली यायला तयार नाहीत. मी बँकेतला माणूस, एकावर अडून बसलोय. कन्या म्हणते, शून्य.