भाग आणि भाग्य

निवृत्तीचे पैसे हातात पडले की जन्मभर मुकाट्याने काम केलेला माणूसही प्रश्न विचारू लागतो. आमच्या शाळेतले हेडक्लार्क निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि भाषणे आटोपल्यावर ते माझ्या खोलीत येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "सर, थोडे पैसे शेअरमध्ये घालावेत म्हणतो. कुठला घेऊ? कर किती जाईल? आणि विकायचा कधी?"

प्रश्न तीनच, आणि साधे. बेळगावात काय नि निपाणीत काय, लग्नाच्या पंगतीतही हल्ली हेच ऐकू येतात. तरी मला लगेच उत्तर देता आले नाही. मी चहा मागवला आणि विषय बदलला. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती पुढे सांगतोच. आधी या तीन प्रश्नांकडे पाहू.

'कुठला घेऊ' असे विचारताना आपण नेमके काय घेत असतो? 'शेअर' हा शब्द घराघरांत रुळला असला तरी त्याला आपला शब्द आहे 'भाग'. तो ज्याच्याजवळ, तो भागधारक. शेजारच्या कन्नडमध्ये वाट्याला 'पालु' आणि भागीदारीला 'पालुदारिके' म्हणतात. हा कागद म्हणजे लॉटरीचे तिकीट नव्हे, कोणाच्या तरी उद्योगातला वाटा आहे, हे दोन्ही भाषांनी ध्यानात ठेवले आहे. आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला हे शिकवावे लागत नाही. सहकारी साखर कारखान्यातला त्याचा भाग त्याच्या उसाशी आणि गाळपाशी बांधलेला असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर तयार केले, १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. अशा कंपनीचा भाग घेणे म्हणजे तिच्या मालावर आणि ती चालवणाऱ्या माणसांवर विश्वास टाकणे.

आमच्या वडीलधाऱ्यांना घाम न गाळता आलेला पैसा पापाचा वाटे. मला ते पूर्ण पटत नाही. ज्याने आपली शिल्लक दुसऱ्याच्या उद्योगात घातली आणि तोटा झाला तर सोसायची तयारी ठेवली, त्याचा नफ्यावर हक्क आहे. मात्र कंपनी काय बनवते, तिच्यावर कर्ज किती, तिचे चालक कसे, यांतले काहीही ठाऊक नसताना केवळ भाव चढतो आहे म्हणून घेणारा माणूस भाग घेत नाही, भाग्य आजमावतो. 'भाग्य' हा शब्द 'भाग' या शब्दापासूनच आला, म्हणून दोहोंचा अर्थ एक होत नाही. वायदे बाजारात तर हा फरक उघडाच दिसतो. तिथे उद्योगातला वाटा हाती येत नाही. एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी १०० मधल्या ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. आमचे कित्येक माजी विद्यार्थी मोबाईलवर हाच खेळ खेळतात आणि त्याला 'गुंतवणूक' म्हणतात. शब्द चुकला की गणितही चुकते.

दुसरा प्रश्न कराचा. नोंदणीकृत कंपनीचा शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकला, तर वर्षाकाठी सव्वा लाखापुढच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर ठरला. वर्षाच्या आत विकला तर वीस टक्के. पगारावरचा कर मात्र टप्प्याटप्प्याने तीस टक्क्यांपर्यंत चढतो. घामाच्या पैशावर जास्त आणि शिलकीच्या नफ्यावर कमी, हे न्याय्य आहे का? कंपनीने आधीच कर भरलेला असतो आणि गुंतवणारा धोका पत्करतो, असे एक उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. पण एवढी सवलत मिळाल्यावरही 'बायकोच्या नावावर घेतले तर?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे शेअर घेतले, तरी त्यांचा नफा कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. कर वाचवणे वेगळे आणि कर चुकवणे वेगळे. मजा अशी, की 'चुकता करणे' म्हणजे पुरते फेडणे आणि 'चुकवणे' म्हणजे टाळणे. एकाच धातूच्या दोन वाटा. कुठली धरायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. माझा पगार तीस वर्षे सरकारी अनुदानातून, म्हणजे लोकांच्या करातून आला. माझ्या चुलीवरचा भात कोणीतरी चुकत्या केलेल्या कराचा आहे. मला तरी दुसरी वाट धरता येत नाही.

तिसरा प्रश्न 'विकायचा कधी' हा. इथेच ती जुनी गोष्ट येते.

२००७ साली मी सहशिक्षक होतो. एका कंपनीच्या शेअरमध्ये मला बरा नफा झाला होता आणि स्टाफरूममध्ये मी अर्थशास्त्रज्ञ ठरलो होतो. आमच्या चित्रकलेच्या सरांनी विचारले, "कुठला घेऊ?" मी ऐटीत नाव सांगितले. त्यांनी घराच्या स्लॅबसाठी साठवलेले पैसे त्यात घातले. १० जानेवारी २००८ रोजी मुंबईचा निर्देशांक २१ हजारांवर गेला. त्याच आठवड्यात मला भीती वाटली आणि मी माझे सगळे शेअर विकून टाकले. त्यांना मात्र सांगितले नाही. 'उगाच कशाला घाबरवा' असे मनाची समजूत घालत राहिलो. खरे म्हणजे, सल्ला देऊन स्वतः पळालो हे कबूल करायची लाज वाटत होती. ऑक्टोबरमध्ये निर्देशांक ९ हजारांच्या खाली आला. सरांचे निम्म्याहून अधिक पैसे गेले.

पुढे सहा पावसाळे त्यांच्या घरावर पत्रेच राहिले. आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर कसा वाजतो, हे वाचकांना सांगायला नको. मी त्यांच्याकडे गेलो की तो आवाज ऐकत बसे. एकदा न राहवून सगळे सांगून टाकले. ते एवढेच म्हणाले, "तुम्ही काय हात धरून घ्यायला लावलं होतं का?" त्यांनी मला मोकळे केले; मी अजून मोकळा झालेलो नाही. कायद्याने माझ्यावर काही जबाबदारी नव्हती. पण ज्याला 'घ्या' म्हटले, त्याला 'मी विकतो आहे' असे सांगणेही माझ्याकडे लागत होते. नाव सांगताना मी त्यांच्या नफ्यात शाबासकीचा वाटा मनोमन धरला होता, तोट्यातला वाटा मात्र त्यांच्या पदरात टाकून बाजूला झालो. भागीदारी अशी एका बाजूची नसते.

आठवडाभराने हेडक्लार्कना मी घरी बोलावले. म्हटले, "तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले. बियाण्याचं धान्य आणि खाण्याचं धान्य तुमच्या आईनं कधी एका कणगीत ठेवलं होतं का?" ते हसले. मग आम्ही कागद घेऊन बसलो. औषधपाणी, नातीचे शिक्षण, दोघांचा घरखर्च हे सगळे खाण्याचे धान्य. ते बँकेत आणि पोस्टात. पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही एवढेच बियाणे. तेही एका वाफ्यात नव्हे. जोंधळ्याच्या रानात तुरीच्या ओळी असतात तसे. एक पीक गेले तरी दुसऱ्यावर भागते. असे वाटून ठेवले की 'विकायचा कधी' हा प्रश्न रात्रीची झोप मोडत नाही, कारण दवाखान्याचे बिल त्या उत्तरावर अडलेले नसते.

"आणि नाव?" जाताना त्यांनी विचारलेच.

"नाव तुम्हीच शोधा. कंपनी काय करते ते मला येऊन समजावून सांगा. समजलं नाही तर तसं बोलेन."

पंधरा दिवसांनी ते वही घेऊन आले. पहिल्या पानावर कंपनीचे नाव नव्हते. नातीच्या फीचा हिशेब होता. मी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि आतून चहा मागवला. या वेळी विषय बदलायची गरज पडली नाही.