वांझोटी बोडी

भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, एक बोडी होती. कोण्या काळी कोहळी समाजातल्या लोकांनी पाळ घालून तिच्यात पावसाचे पाणी अडवलेले. उन्हाळ्यातही तिच्यात कमरेएवढे पाणी राही. कमळे फुलत, मासे पोसले जात. तरी सारे गाव तिला ‘वांझोटी बोडी’ म्हणे.

त्याला कारण होते. रोहू, कटला, मृगळ तिच्यात सोडले की चांगले वाढत. आषाढात माद्यांची पोटे अंड्यांनी टम्म फुगत. पण ती अंडी कधी बाहेर पडत नसत. पावसाळा सरला की पोटे आपोआप उतरत. पिल्लू म्हणून एक दिसत नसे. मग दर सालाला बीज विकत आणावे लागे, तेही थेट हावड्याहून.

गावातला एक म्हातारा ढिवर तरुणपणापासून हे काम करत आला होता. गंगेच्या पुरात जाळी लावून धरलेले जिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्ले, मातीच्या मडक्यांत भरायचे आणि आगगाडीने गोंदियापर्यंत आणायचे. वाटेत रात्रभर मडकी हलवत बसायचे. पाणी थांबले की जिरे गुदमरून मरत. इतके करून घरी पोहोचेस्तोवर कितीतरी मेलेले असत. जे जगत त्यांत दुसऱ्यांना गिळणाऱ्या माशांचीही पिल्ले निघत, कारण पुराच्या पाण्यातून जाळीत येईल ते बीज निवडून घेता येत नसे.

“बोडीच वांझोटी, ते काय देईन?” म्हातारा चिडून म्हणे.

त्या वेळी पडवीत मासे चिरत बसलेली त्याची बहीण मान खाली घाली. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या सासरच्यांनी हाच शब्द लावून तिला माहेरी आणून सोडले होते. शब्द भावाच्या तोंडात इतका रुळला होता की तो कुठे लागतो, हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

१९६० नंतरची गोष्ट. एका आषाढात मत्स्य खात्याचा एक तरुण अधिकारी गावात आला. बहीण बाजारासाठी मासे चिरत होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाई, ही मुंडकी मला थोडा वेळ द्याल?”

“मुंडक्याचंच कालवण गोड लागते, सायेब,” ती हसली.

“कालवण तुमचंच. मला आतला एक दाणा हवा.”

त्याने एकेका मुंडक्याची कवटी अलगद उघडली, मेंदू बाजूला केला आणि त्याच्या खालून चिमट्याने एक पांढुरका कण उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकला. मुगाच्या दाण्याहूनही लहान. “याला पियुष ग्रंथी म्हणतात,” तो म्हणाला. “तुमच्या बोडीची किल्ली इथे आहे.”

संध्याकाळी त्याने मच्छरदाणीसारखी एक कापडी पेटी बोडीत चार बांबूंना बांधली. तिला तो हापा म्हणत होता. ग्रंथी खलून, पाण्यात कालवून, गाळून त्याने एका मादीला सुई दिली. म्हाताऱ्याने तोंड फिरवले. “दवाई टोचून पोरं होतात का?”

“औषध नाही, आजोबा. माशाच्या डोक्यातलीच वस्तू माशाला परत देतो आहे.”

सहा तासांनी मादीला दुसरी सुई आणि दोन नरांना एकेक सुई देऊन तिघांना हाप्यात सोडले. बुरबुर पाऊस लागला होता. कंदिलाच्या उजेडात पाळीवर बसून तो सांगू लागला.

“नदीला पूर येतो, नवं पाणी धावतं, गारवा येतो. तेव्हा माशाचा मेंदू या ग्रंथीला खूण करतो. ग्रंथीतला रस रक्तात उतरतो आणि पिकलेली अंडी सुटतात. बोडीत पाणी उभं असतं. अंडी पिकतात, पण खूण येत नाही. मग ती पोटातच जिरून जातात. सिल्हेटहून आलेले हिरालाल चौधरी नावाचे शास्त्रज्ञ आहेत. परदेशात माशांना अशी ग्रंथी देऊन पाहिली होती, पण रोहू-कटल्यासारख्या आपल्या कार्प माशांना ती कशी लागू करायची, हे कुणाला साधलं नव्हतं. कोणत्या माशाची ग्रंथी, किती, कोणत्या वेळी, हे एकेक करून तपासावं लागलं. प्रयोग फसत, पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबावं लागे. शेवटी १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलच्या मत्स्यकेंद्रावर त्यांच्या हाप्यात अंडी पडली.”

“आणि तोवर सारे काय म्हणत होते?” बहिणीने अंधारातून विचारले.

“हेच, की बंद पाण्यात हे मासे वितच नाहीत.”

ती पुढे काही बोलली नाही.

पहाटे हाप्यात खळबळ झाली. मासे एकमेकांना ढुशा देत पाणी उडवू लागले. झुंजूमुंजू झाले तेव्हा म्हाताऱ्याने हाप्यात हात घातला आणि तो तसाच थांबला. ओंजळ भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या अंड्यांनी भरली होती. टपोरी, आरपार दिसणारी, लाखांनी. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यांतून सुईच्या टोकाएवढे जीव वळवळत बाहेर आले.

म्हातारा पाळीवर येऊन बसला. “एवढी सालं हावड्याच्या वाऱ्या केल्या,” तो म्हणाला, “आन् बीज माह्याच दारात होतं. बोडीत काई कमी नवतं.”

“नवतंच,” बहीण म्हणाली. “पर तिले काय पाह्यजे, हे इचारलं कोनी? सारे नाव ठेवून मोकळे झाले. दादा, माह्या वाट्याले लेकरू आलं नाई, त्याचं मले आता दुख नाई. पर एका शब्दावर मले घराबाहेर काढलं. वैद्याले दाखवलं नाई, माह्या मालकाले कोनी काई इचारलं नाई. आन् तोच शब्द मी तुह्या तोंडून रोज आयकला.”

म्हातारा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती.

चौथ्या दिवशी जिरे बोडीशेजारच्या खड्ड्यात सोडायचे होते. दर सालाला पहिले मडके म्हातारा आपल्या हाताने ओती, कोणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी त्याने ते बहिणीच्या हातात दिले. “तू सोड,” एवढेच म्हणाला. तिने मडके तिरके केले आणि जिऱ्यांचा ढग पाण्यात पसरला.

त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. हळूहळू गावानेही सोडला.

पुढे ग्रंथीच्या जागी तयार संप्रेरकाची इंजेक्शने आली. नदीच्या बीजावरचे अवलंबून राहणे बरेचसे सरले आणि देशभरची तळी मत्स्यबीज केंद्रांच्या बोटुकल्यांवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर, पोसली जाऊ लागली. १० जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तात्पर्य : वांझ, नापीक, मठ्ठ हे शब्द बहुधा आपल्या अज्ञानाला दिलेली नावे असतात. शहाणा माणूस नाव ठेवण्याआधी जवळ बसतो आणि विचारतो, तुला काय हवे आहे? शास्त्राची सुरुवात याच प्रश्नाने होते, आणि मायेचीही.