निदानाची वाट पाहत बसलेला वर्ग

दिवाळीच्या आगेमागे हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं फडावर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ‘एका जागी बसत नाही, सांगितलेलं ध्यानात ठेवत नाही’ अशी तक्रार असलेलं मूलही त्यांत असतं. त्याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) आहे की नाही, हे ठरवताना लक्षणं किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन्हीकडे दिसतात का, हे डॉक्टर पाहतात. निम्मं वर्ष फडावर काढणाऱ्या मुलाबद्दल ही माहिती देणार कोण? शिवाय अपुरी झोप, कमी ऐकू येणं, अधू नजर, रक्तक्षय यांमुळेही मूल असंच वागू शकतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. हीच मुलं पुढे पहिलीत बसतात.

२०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. पण पथक शाळेत येतं वर्षातून एकदा, आणि वागणं एका भेटीत कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे प्रमाणपत्राच्या भरवशावर राहिलं तर पुष्कळ मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. निदान जिथे मिळेल तिथे जरूर घ्यावं; मदत मात्र त्याआधी सुरू व्हायला हवी, आणि ती होऊ शकते.

वर्गातल्या उपायांवर पन्नासहून अधिक वर्षं संशोधन झालं आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये चौथीच्या वर्गाचे दोन गट करून, नियम पाळणाऱ्या गटाला छोटी सवलत देण्याचा खेळ तपासला गेला. गोंधळ ठळकपणे कमी झाला. दुसरा उपाय रोजच्या नोंदपत्रकाचा. ‘हातातलं काम पुरं केलं’, ‘बोलण्याआधी हात वर केला’ अशी दोन-तीन उद्दिष्टं शिक्षक रोज नोंदवतात आणि घरी त्याचं कौतुक होतं. आजीला अक्षरओळख नसेल तर रंगीत ठिपके चालतील.

गोव्यात एडीएचडीचं निदान झालेल्या मुलांच्या पालकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांना मुलाची अडचण आजारापेक्षा अभ्यासाची आणि स्मरणाची वाटत होती. हे अज्ञान म्हणून झटकू नये. पालक अडचण शाळेच्या भाषेत मांडतात, तर पहिलं उत्तर शाळेनेच द्यायला हवं.

ओझं मात्र एकट्या गुरुजींवर टाकणं अन्यायाचं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता, त्यात माहिती भरणं आणि बैठका. त्याच कायद्याच्या कलम १७ ने छडी बंद केली, ते योग्यच. पण छडीऐवजी काय करायचं, याचं प्रत्यक्ष वर्गातलं प्रशिक्षण त्या प्रमाणात पोचलं नाही. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनी नुसतं यादी भरून न जाता गुरुजींच्या शेजारी बसून नोंदपत्रक सुरू करून द्यावं. हंगामी वसतिगृहातल्या माणसांनाही ते शिकवावं. आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेशासाठी मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत चार ओळी जाव्यात. त्याच्यात काय बिघडलं आहे हे त्यांत नको, काय केल्यावर तो शिकतो ते असावं: पुढच्या रांगेत बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, दर थोड्या वेळाने वह्या वाटायला उठवा.