तुसडा आणि घुमा

भावना चेहऱ्यावर न आणणाऱ्या माणसाला इंग्रज 'कोल्ड फिश' म्हणतो. ओळख असून त्याने न पाहिल्यासारखं केलं, की 'कोल्ड शोल्डर' दिला म्हणतो. मासाही गार आणि खांदाही गार! मराठी याबाबतीत जास्त चोखंदळ. आपल्याकडे तुसडा वेगळा, घुमा वेगळा, शिष्ट वेगळा, आतल्या गाठीचा वेगळा. माणूसघाणा तर सगळ्यांहून निराळा. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या जुन्या गावात हिंडताना ही वर्गवारी फार कामाला येते. तिथे थोडक्या चालीच्या अंतरावर एका तुसड्याची आणि एका घुम्याची जागा आहे, आणि गावाने दोघांना दिलेली वागणूक अगदी वेगळी आहे.

तुसड्याचं नाव विल्हेल्म क्युर्टन. १८६२ साली त्याने बर्गर स्ट्रासवर स्वतःची बिअर बनवून विकायला सुरुवात केली. गडी कायम कावलेला. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, चला, त्या कुरकुऱ्याकडे जाऊ. कुरकुऱ्याला तिथल्या बोलीत 'युरिगे' म्हणतात आणि दुकानाचं नावही तेच पडलं. आजही पाटीवर तेच आहे आणि संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावर उंच टेबलांभोवती लोक दाटीवाटीने उभे असतात. मालकाचा वैताग हीच ज्या दुकानाची ओळख, त्याची गोडी पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

इथल्या वाढप्याला 'कोबेस' म्हणतात. निळा एप्रन, हातात भरलेल्या ग्लासांचं तबक, चेहऱ्यावर हसू असेलच असं नाही. 'काय घेणार?' हा प्रश्न त्याच्या शब्दकोशात नसतो. तपकिरी आल्टबिअरचा पाव लिटरचा ग्लास समोर आदळतो, खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलची एक रेघ ओढतो आणि पुढे जातो. पाणी मागणाऱ्याला टोमणा ऐकायची तयारी ठेवावी लागते. पण तुमचा ग्लास रिकामा झाला, की न बोलावता दुसरा येतो, मग तिसरा. नको असेल तेव्हा चकती उचलून ग्लासावर झाकायची, बस्स. गोड बोलून, नाव विचारून, अर्धा तास ताटकळत ठेवणाऱ्या हॉटेलांपेक्षा मला हा माणूस जास्त आपुलकीचा वाटतो.

तुसड्याचं एक बरं असतं, तो निदान बोलतो. त्याने फटकारलं की आपल्यालाही फटकारता येतं आणि चार दिवसांनी त्याचेच किस्से आपण रंगवून सांगतो. पु. ल. देशपांड्यांच्या अंतू बर्व्याचा तिरकसपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या मिटक्या मारत वाचला तो उगाच नाही. घुम्याची पंचाईत होते. त्याच्याविषयी सांगायला किस्साच हाती लागत नाही. मग ती मोकळी जागा लोक आपापल्या तर्काने भरतात.

बिल्कर स्ट्रासवरच्या १५ नंबरच्या घरात असाच एक घुमा राहायचा, संगीतकार रॉबर्ट शुमन. सप्टेंबर १८५० मध्ये तो शहराचा संगीत संचालक म्हणून बायको क्लारा आणि मुलाबाळांसह ड्युसेलडॉर्फला आला. गावाने मेजवान्या देऊन थाटात स्वागत केलं. ऱ्हाईनकाठचे लोक मुळातच बोलघेवडे, उत्सवी. आणि हा बैठकीत तासन्‌तास गप्प. वाद्यवृंदापुढे उभा राहिला तरी सूचना पुटपुटल्यासारख्या, नजर आतल्या आत. कुरबूर सुरू झाली. नोव्हेंबर १८५३ मध्ये संगीतसभेच्या मंडळींनी त्याला सुचवलं, की यापुढे फक्त स्वतःच्याच रचना चालवाव्यात, बाकीचं दुसरा पाहील.

आता त्याच माणसाची दुसरी बाजू. गावात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच तो तिसऱ्या सिंफनीला लागला आणि वर्ष संपायच्या आत ती पुरी केली. तिला लोक 'ऱ्हेनिश' म्हणजे ऱ्हाईनची सिंफनी म्हणूनच ओळखतात. फेब्रुवारी १८५१ मध्ये तिचा पहिला प्रयोग इथेच झाला. नव्या गावाविषयी जे वाटलं ते एवढ्या मोकळेपणाने क्वचितच कुणी सांगितलं असेल. फक्त ते तोंडाने सांगितलं नव्हतं. पुढे १८५३ च्या शरदात योहानेस ब्राम्स नावाचा वीस वर्षांचा अनोळखी पोरगा दारात आला. त्याची पियानोवरची रचना ऐकून शुमनने कित्येक वर्षांनी पुन्हा लेखणी उचलली आणि संगीताच्या नियतकालिकात लेख लिहून त्याचं नाव जर्मनीभर केलं. गारठलेल्या काळजाच्या माणसाचं हे काम नव्हे.

म्हणून प्रत्येक अबोल माणसाच्या पोटात सिंफनी असते असं मात्र नाही, आणि 'फणसासारखा, वरून काटे आत गरे' हे आपलं लाडकं समाधान मला अर्धवटच वाटतं. कधी आत दुखणंही असतं. शुमनच्या कानात सतत सूर घुमू लागले होते, रात्री झोप नव्हती. २७ फेब्रुवारी १८५४ ला, ऐन कार्निव्हलच्या सोमवारी, गाव सोंगं काढून नाचत असताना तो घरातून निघाला आणि त्याने ऱ्हाईनमध्ये उडी घेतली. नावाड्यांनी त्याला बाहेर काढलं. उरलेली दोन वर्षं बॉनजवळच्या रुग्णालयात गेली आणि तिथेच १८५६ च्या जुलैत तो वारला. 'थंड आहे', 'शिष्ट आहे' असा शिक्का एकदा मारला, की 'बरं आहे ना?' हे विचारायचं राहून जातं. आपल्या घराघरांतल्या न बोलणाऱ्या काकांच्या आणि मोठ्या भावांच्या बाबतीतही हेच होतं.

शिक्का कोण मारतो, हेही पाहावं. ड्रेस्डेनला असताना शुमनची आणि संगीतकार रिचर्ड वाग्नरची गाठ पडायची. समीक्षक हान्सलिकने त्या दोघांची तक्रार नोंदवून ठेवली आहे. वाग्नरचं म्हणणं, या माणसाशी जमणं शक्यच नाही, हा तोंडच उघडत नाही. शुमनचं म्हणणं, या माणसाशी जमणं शक्यच नाही, हा तोंड मिटतच नाही.